बायको पायी, नवरा फटफटीवर

रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर मी पायी चालायची आणि माझा नवरा शेजारून फटफटी चालवायचा. माझ्या चालीने चालवायचा, हे त्यातलं मुख्य. मी हळू झाले की त्यांनी हळू व्हायचं. मी थबकले की गाडी क्षणभर जागच्या जागी तोलून धरायची, आणि काही झालं तरी जमिनीला पाय टेकवायचा नाही. लग्न नवं होतं, सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी लग्नातली साडी नेसून, नव्या चपला घालून चालते आहे आणि बाजूला ती जड गाडी डुगडुगत येते आहे. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ सोडून आमच्याकडे पाहत बसायची. एकदा एकाने लांबून ओरडून विचारलं, "काहून वहिनी, पेट्रोल संपलं का?"

पेट्रोल संपलं की माणूस गाडी ढकलतो, एवढंही ज्याला कळत नाही त्याला काय उत्तर द्यायचं? मी पदर खोचला आणि चालत राहिले.

मैदानावरची ही वरात आमच्या इंदोऱ्यातल्या कोणा बाईने पाहिली आणि सासूबाईंच्या कानावर घातली. त्या काळी नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, हे सगळीकडेच चालायचं, त्याचं कोणाला काही वाटत नसे. पण नवरा गाडीवर आणि नवी सून पायी, म्हणजे भांडण, आणि तेही चांगलंच पेटलेलं, असा सासूबाईंनी अर्थ काढला. पुढच्या रविवारी धाकटे दीर सायकल हाणत मैदानात हजर झाले. धापा टाकत म्हणाले, "दादा, आई म्हणते वहिनीले आधी गाडीवर बसव. भांडण घरी येऊन करजो."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. म्हणजे पोट मी धरलं, त्यांनी हँडल धरलं होतं. एवढं हसूनही त्यांनी पाय टेकवला नाही, हे मला अजून आठवतं.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ लायसन्सच्या परीक्षेत होतं. ऑफिसातल्या एका मित्राची बदली झाली, त्याची फटफटी ह्यांच्याकडे आली आणि परीक्षा द्यायची वेळ आली. परीक्षेत गाडीने इंग्रजी आठ काढून दाखवायचा असतो, पाय न टेकवता. माझा नवरा तार ऑफिसात होता. दिवसभर टकटक करत लोकांचे जन्म, मृत्यू आणि नोकऱ्या इकडून तिकडे पोहोचवणारा माणूस, त्याला घाईची सवय. पहिल्या वळणावरच पाय टेकला आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबाने पुढचं पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "नापास." तारेतल्यासारखं बोलायची त्यांना खोडच होती. एका शब्दात भागत असेल तर दुसरा कशाला खर्च करायचा, असा हिशेब.

मग रविवारी सकाळी पिशवीत विटा भरून मैदानावर जायचं ठरलं. विटा मांडायच्या, त्यांच्यामधून आठ काढायचा, पडलेली वीट उभी करायला, आणि हळू गाडीचा तोल जमावा म्हणून शेजारून चालायला, एक माणूस हवं. ते माणूस मी. मी तेव्हा धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स होते आणि सुटी रविवारची मागून घेतली होती. घरात कोणी हरकत घेतली नाही. विटा उचलायला सून चालली आहे, यात हरकत घेण्यासारखं काय होतं?

पण मैदानावर पोहोचल्यावर विटांच्या आधी माझ्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो आहोत आणि तिसरं कोणी ऐकत नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं आणि पुढे छपरी. सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही. आतल्या खोलीत बायका झोपायच्या, छपरीत पुरुष, आणि उन्हाळ्यात सगळ्यांच्याच बाजा अंगणात. कामावरून आल्यावर मी साडी बदलायची ती दाराआड, आणि नणंद चादर धरून उभी राहायची. वाईट कोणीच नव्हतं. सासूबाई तर जीव लावायच्या. पण ज्या घरात प्रत्येक शब्द सगळ्यांच्या ताटात पडतो, तिथे नवऱ्याशी काय बोलायचं? "भाजी वाढू का", "हो", "अजून", "पुरे". लग्नाला तीन महिने झाले तरी माझ्या नवऱ्याला काय आवडतं ते मला त्याच्या आईकडून कळत होतं.

आणि मैदानावर हा माणूस बोलायला लागला. क्लच अर्धा दाबून ठेवायचा, रेस अगदी इवलीशी, मागचा ब्रेक पायाने हलकेच धरून ठेवायचा, हे सगळं सांभाळता सांभाळता तो अख्खी अख्खी वाक्यं बोलायचा. "चाकाकडे पाह्यलं का गाडी पडते. जिथं जायचं तिथं पाहा लागते," असं पहिल्या रविवारी त्यांनी मला सांगितलं, जणू परीक्षा मीच देणार होते. मग लहानपणी विहिरीत पडले होते ते सांगितलं. मग मला पाहायला आले तेव्हा माझ्याऐवजी चुकून माझ्या चुलत बहिणीकडेच पाहत बसले होते, तेही सांगितलं. त्यावर मी जरा जोरात चालले. तेही आले मागोमाग, डुगडुग करत.

विटांचा आठ दीड महिन्यात जमला. दुसऱ्या खेपेला ते पास झाले. संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकाशी मला न्यायला आले तेव्हा मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "पास." आणि गाडीला किक मारता मारता म्हणाले, "घरी सांगू नको."

घरी आम्ही नापास सांगितलं. पुढे पावसाळा लागेपर्यंत माझा नवरा दर रविवारी आठ काढायला जात होता आणि घरच्यांच्या मते त्याला तो जमत नव्हता. सासूबाई कपाळावर हात मारायच्या. "एवढा शिकला, कलकत्त्याले तार धाडते, अन् दोन विटाइतून गाडी नाही काढता येत याले!" सासरे शांत माणूस. ते फक्त माझ्याकडे पाहायचे आणि पेपर वर करायचे. त्यांना कळलं असावं, असं मला आता वाटतं.

पावसाळा लागल्यावर घरी एकदाचं "पास" सांगितलं, आणि मला रोज संध्याकाळी दवाखान्यातून घरी आणायचं काम त्यांच्याकडे आलं. धंतोलीतून बर्डीवर, व्हरायटी चौक, झिरो माइल, मग सदर, कडबी चौक आणि इंदोरा. नीट चालवली तर गाडी चटकन पोहोचते. आम्ही मात्र अशा चालीने यायचो, की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे आणि वळून पाहायचे. वेगात गाडी असली की मागच्याचं बोलणं वारा उडवून नेतो. हळू चालवली की कुजबुजही ऐकू येते. मैदानावर त्यांनी जे शिकून घेतलं, ते साहेबाला दाखवायला नव्हतंच मुळी.

मलाही शिकावं लागलं. मी एका अंगाने बसायची, दोन्ही पाय डावीकडे. त्यामुळे गाडीचा कल डावीकडे, आणि हळू चालणाऱ्या गाडीला एवढासा कलही खपत नाही. बर्डीवर दुकानातल्या साडीकडे मी मान वळवली की हँडल हलायचं. "दुकानाकडे पाहू नको वं, गाडी दुकानात शिरते," असं ते म्हणायचे. मी म्हणायची, "मग न्या की एकदा आत!" हिवाळ्यात मी फाटकावरच संत्री घेऊन ठेवायची. मागे बसून सोलायची आणि एकेक फोड पुढे त्यांच्या तोंडात द्यायची, भर सदरमधून. आता वाटतं, केवढं धाडस होतं. बिया ते कुठे टाकायचे कोण जाणे. घरी गेल्यावर हातांना संत्र्याचा वास यायचा आणि नणंद विचारायची, "आमच्यासाठी नाही आणली वं वहिनी?" दुसऱ्या दिवशी मग सगळ्यांसाठी आणावी लागायची.

उशीर व्हायचाच. सासूबाई दारातच म्हणायच्या, "पायी आली असती तं आतापर्यंत भाकरी झाल्या असत्या."

त्या वाटेवर आम्ही सगळ्यात जास्त काय बोललो असू तर क्वार्टर. ह्यांच्या ऑफिसात क्वार्टरसाठी अर्ज करून ठेवला होता आणि नंबर लागायची वाट होती. व्हरायटी चौकापासून आम्ही ते क्वार्टर मांडायला घ्यायचो. स्टोव्ह कुठे ठेवायचा, खाट कुठे टाकायची, माठ खिडकीत बरा की दारामागे. सदर येईपर्यंत पडदेसुद्धा लागलेले असायचे. मला पडद्यांचं काही नव्हतं. मला आतून लागणारी कडी हवी होती. इंदोऱ्याच्या घराला बाहेरून कुलूप होतं, पण आतल्या दाराला कडी नव्हती, कारण तिची कोणाला कधी गरजच पडली नव्हती. मी त्यांना म्हणायची, "बाकी काही नसलं तरी चालेल. दार लावायचं, कडी घालायची आणि पाच मिनिटं नुसतं बसायचं. एवढंच पाहिजे मला."

एकदा दवाखान्यात फार वाईट दिवस गेला. माझ्या हातावर एक बाई गेली, गडचिरोलीकडून आणलेली. घरी जाऊन मनसोक्त रडावं तर रडायला जागा कुठे? झिरो माइलशी मी मागे बसल्या बसल्या रडायला लागले आणि म्हणाले, "कधी भेटेल हो ते क्वार्टर? मले आता नाही होत." त्यांनी गाडी आणखी हळू केली. इतकी, की आम्ही जवळजवळ उभेच होतो. खूप वेळाने म्हणाले, "भेटेल." मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवून कडबी चौकापर्यंत रडून घेतलं. त्या दिवशी बरं वाटलं मला. त्यांनी "भेटेल" म्हटलं म्हणजे भेटणार, असा माझा विश्वास होता.

आणि भेटलंही. मला दिवस गेले, आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फटफटीवर बसायचं नाही असं बजावलं, मी बसने येऊ-जाऊ लागले, आणि त्याच महिन्यात ह्यांनी घरी येऊन सांगितलं, "क्वार्टर." सिव्हिल लाइन्सच्या टोकाला, दीड खोली, पुढे कडुनिंबाचं झाड. सासूबाई म्हणाल्या, पोरगं पायगुणाचं आहे. मीही तेच म्हणत होते.

पहिल्या संध्याकाळी सामान लावून झाल्यावर मी दार लावलं आणि कडी घातली. लोखंडी, जड, घट्ट बसणारी कडी. आम्ही खाटेवर शेजारी शेजारी बसलो. आणि तुम्हाला सांगते, दोघांनाही काही बोलायला सुचेना. ते म्हणाले, "चहा?" मी म्हटलं, "ठेवते."

मग मुलगी झाली, मग मुलगा. माझ्या ड्यूट्या बदलत्या, त्यांचं ऑफिस वाढलेलं. गाडी आता दूध आणायला, शाळेत सोडायला, रेशन आणायला, आणि सगळीकडे घाई. ते जोरात चालवायला लागले, मीच म्हणायची, "चला लवकर, पोरं शेजारी आहेत." घरात बोलणं व्हायचं, नाही असं नाही. गॅसचं, फीचं, गावाकडच्या लग्नांचं. पण माझा नवरा परत तारेतल्यासारखा बोलू लागला होता. कडी असलेल्या घरात बसून मला कधी कधी बर्डीच्या रस्त्याची अशी काही आठवण यायची, की मी उठून उगाचच भांडी घासायला घ्यायची. ज्याच्यासाठी एवढी तळमळले ते हातात होतं. मग हे काय होतं, ते मला कळायचं नाही.

ऐंशीच्या दशकात कधीतरी आम्ही स्कूटर घेतली. पुढे एक पोर उभं राहतं, मागे एक बसतं, पायाशी भाजीची पिशवी. फटफटी विकायची ठरली. नरखेडकडचा एक संत्र्याचा बागायतदार गिऱ्हाईक मिळाला. मळ्यात विहिरीवर जायला-यायला त्याला जड गाडीच हवी होती. सदरमधल्या मेकॅनिकच्या दुकानात गाडी नेऊन द्यायची, तो तिथून घेऊन जाणार.

संध्याकाळी ते निघाले आणि फाटकातून म्हणाले, "येतं का?" मी पदराला हात पुसत गेले. बसायला लागले तर म्हणाले, "बसू नको. पायी चाल. मी बाजूनं येतो."

मी हसले. दोन लेकरांची आई मी, गुडघे कुरकुरायला लागलेले. पण चालायला लागले, आणि ती गाडी माझ्या शेजारी डुगडुगायला लागली. सिव्हिल लाइन्सचा रस्ता, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, रहदारी अगदी तुरळक. इतक्या वर्षांत त्यांचा तोल तसूभर बिघडला नव्हता.

"एक सांगू का?" ते म्हणाले.

"सांगा."

"क्वार्टर आपल्याले आधीच भेटलं होतं."

"कधी?"

"सव्वा वर्ष आधी. धंतोलीत. तुझ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. मी सोडून देल्लं."

मी थांबले. गाडी जागेवर तोलून तेही थांबले, पाय वरच.

"काहून?"

"तिथून दवाखाना पाच मिनिटांवर. तू पायी गेली असती, पायी आली असती. मंग मी तुले घ्याले कशाले आलो असतो?"

माझ्या डोक्यात आधी काय आलं असेल? दाराआडची चादर. मग झिरो माइल. मी त्यांच्या पाठीला टेकून रडले होते आणि ज्या तोंडाने ते "भेटेल" म्हणाले, त्याच तोंडाने आधीच नाही म्हणून आले होते. सव्वा वर्ष. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"हे आत्ता सांगता?"

"तवा सांगितलं असतं तं तू घेतलं असतं."

घेतलंच असतं! पळत जाऊन घेतलं असतं. मी वळले आणि तरातरा चालायला लागले. मागे गाडीची रेस वाढल्याचा आवाज आला, मग ती अडखळली, मग आवाजच बंद झाला. मी दहा-बारा पावलं तशीच गेले. मग वळून पाहिलं.

रस्त्याच्या मधोमध ते उभे होते आणि त्यांचा पाय जमिनीला टेकला होता. त्या परीक्षेनंतर, माझ्या चालीने येताना, पहिल्यांदाच. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. आपल्याच पायाकडे पाहत होते, नापास झालेल्या पोरासारखे.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझ्या घराला आज प्रत्येक खोलीला आतून कडी आहे, आणि कडी घालण्यासारखं आत कोणी नाही. ते सव्वा वर्ष माझ्यापासून चोरलं की मला दिलं, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. राग अजूनही येतो. पण कोणी मला विचारलं, काय परत हवं, तर मी क्वार्टर म्हणणार नाही. मला तो रस्ता हवा, त्याच चालीने, हातात सोललेलं संत्रं, आणि मागून सायकलवाल्यांनी कितीही घंटी वाजवू दे.

त्या संध्याकाळी मी परत मागे गेले. गाडीवर बसले, पूर्वीसारखी, दोन्ही पाय डावीकडे. त्यांनी किक मारली. एका किकेत नाही, तिसऱ्यात सुरू झाली. आम्ही हळूहळू सदरमध्ये आलो. माझ्या नाकावर राग होता आणि हात त्यांच्या खांद्यावर. मेकॅनिकचं दुकान दिसायला लागलं. बाहेर स्टुलावर तो बागायतदार बसला होता, पांढरी टोपी घालून. आम्हाला पाहून उठला. त्या दुकानाच्या पुढे सरळ कडबी चौक होता, आणि त्याच्या पुढे इंदोरा.

"थांबवू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आता पाय टेकवला तं पाहा!"